मागच्या सीटवरचा हात

सर, तुमच्या दहाव्याला सगळे रडत होते तेव्हा मी तुमच्या डाव्या हाताचा विचार करत होते.

हे असं पहिल्याच ओळीत लिहिणं शोभत नाही, माहीत आहे मला. माणूस गेलं की चार शब्द बरे बोलावेत. ते बाकीच्यांनी बोलून झालेत. क्लबच्या अध्यक्षांनी "आकाशाशी सोयरीक जोडलेला माणूस" असं काहीतरी म्हटलं. तुम्ही असतात तर माझ्याकडे बघून एक भुवई वर केली असतीत. तुमचा जन्म पेणच्या मिठागरातला, नोकरी कुठे केली, किती जणांना उडायला शिकवलं, ते सगळं क्लबच्या फलकावर लावलंय, त्यात मी पडत नाही. मला भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि तुम्ही मधेच उठून गेलात. ही तुमची जुनीच खोड.

मी संशयी आहे. ही बातमी तुम्हीच क्लबभर केलीत, आणि खोटी नव्हे. दिघीच्या बाजारात कल्ला उचलून बघितल्याशिवाय मी मासा घेत नाही, तर कोळीण म्हणते, "बाई, मासा हाय, सोयरिक न्हाय." शाळेत एखादं पोरगं पोटात दुखतंय म्हणालं की मी विचारते कुठल्या बाजूला, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारते. आई म्हणते, हे आजोबांकडून आलं. गावात आजोबांच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, आणि ओतणारा माणूस फार गोड बोलायचा. तेव्हापासून आमच्या घरात कुणी आपणहून काही देऊ केलं की त्याच्या तोंडाकडे नाही बघत, हाताकडे बघतात. बाबासाहेबांनी आम्हाला शिकायला सांगितलं, आम्ही शिकलो. हाताकडे बघायचं मात्र सुटलं नाही.

अशी मी शाळेच्या सहलीबरोबर फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून वर सड्यावर, त्या कातळाच्या सपाट माळावर आले, आणि तुमच्या त्या इंजिन नसलेल्या विमानापाशी येऊन उभी राहिले. पोरं पंखाखाली पळापळ करत होती. तुम्ही सांगत होतात, मैदानाच्या त्या टोकाला विंच आहे, ती तार ओढते, ग्लायडर पतंगासारखं वर चढतं, वर गेलं की तार सोडून द्यायची. मी विचारलं, "मग पुढे?" तुम्ही म्हणालात, "पुढं हवा हाय ना." मी म्हटलं, हवेची खात्री कोण देतं? तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलंत आणि विचारलंत, "बाई, तू बसनार का?"

बसले. आणि बसल्या बसल्या मला या विद्येतली सगळ्यात संशयास्पद गोष्ट कळली. शिकणारा पुढे बसतो आणि शिकवणारा त्याच्या पाठीमागे. असली शाळा मी जन्मात बघितली नव्हती. वर्गात मास्तर समोर असतो, पोरं त्याच्यावर नजर ठेवतात, तोही पोरांवर ठेवतो, हिशेब सरळ असतो. इथे मास्तर दिसतच नाही. वर, विमान वळवायचं जे दांडकं माझ्या दोन गुडघ्यांमधे, तसंच दुसरं त्याच्यापुढे, माझ्याला आतून जोडलेलं. मी हलवलं की त्याचं हलतं. त्याने हलवलं की माझं. मग माझ्या हातात जे चाललंय ते मी करतेय की तो, हे कळायचं कसं?

पहिलं बरं लँडिंग झालं तेव्हा मी पट्टे सोडायच्या आत विचारलं, "हे कुणी उतरवलं?"

"तूच."

"खरं सांगा, सर."

"अगं तूच. मी गप बसलो होतो."

गप्प बसलो होतो, असं म्हणणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवतं? पुढच्या वेळी उतरताना तुम्ही दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवलेत. जड हात होते तुमचे. "आता बोल, कोन चालवतंय?" मी म्हटलं, "गुडघे." तुम्ही इतके हसलात की ग्लायडर थांबल्यावर धरायला आलेली माणसं घाबरली, त्यांना वाटलं सरांना काही झालं. आठवडाभर चहाच्या टपरीवर तोच विषय. "सर, बाईला घेऊन जाताय तर पाय खाली काढून ठेवा." मी हसले नाही. गुडघ्यांनी दांडकं धरता येतं, हे मी घरी खुर्चीत बसून लाटणं धरून बघितलं होतं.

मग एक दिवस तुम्ही मागच्या सीटचे पट्टे रिकामे बांधलेत आणि म्हणालात, जा. मी एकटी गेले, एकटी आले. उतरल्यावर वळून मागे बघितलं, सीट रिकामीच होती. तेव्हा मला वाटलं, संशय फिटला. कसला फिटतोय. तो फक्त घर बदलून बसला.

आता त्या भांडणावर येते. गेल्या पावसाळ्याआधी तुम्ही म्हणालात, "बाई, आता मागं बस. इन्स्ट्रक्टर हो."

मी विचारलं, मीच का? माझ्याहून जास्त उडालेले दोघं क्लबात होते, दोघांची इच्छाही होती. मला ठाऊक होतं, अध्यक्षांच्या अलिबागच्या बंगल्यावर पाहुणे आले की फोटोत मला मधे उभं करतात. "या आमच्या जाधव मॅडम, जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत." मग आवाज खाली आणून आणखी काहीतरी. ते आणखी काहीतरी काय असतं ते मला न ऐकता कळतं. मी तुम्हाला तोंडावर विचारलं, "फोटोसाठी का, सर?" तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं, रागावरून माणूस कळतो. तुम्ही पंखाच्या टोकावरची धूळ बोटाने पुसलीत आणि म्हणालात, "बघू." मी तीनदा विचारलं, वेगवेगळ्या वेळी. तिन्ही वेळा ताकास तूर लागू दिली नाहीत. तरी मी मागे बसले, कारण मला हवं होतं. खोटं कशाला बोलू? लहानपणापासून मला कुणी "तू शिकव" असं एवढ्या उंचीवरच्या गोष्टीबद्दल म्हटलं नव्हतं.

मला वाटलं होतं, बाई आहोत आपण, शिकवणं काय नवीन आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी माज उतरवलात. मागे बसून हात काय करतोय ते तोंडाने सांगायचं, आणि तोंड हाताच्या अर्धं पाऊल पुढे चालायला हवं. माझं तोंड पुढे गेलं की हात मागे राहायचा, हात नीट चालला की तोंड बंद. मी सड्यावर फेऱ्या मारत मोठ्याने बोलायचे, गुरं चरायची थांबून बघायची. स्वयंपाकघरात सुरू झालं, "आता मी तेल टाकतेय, तेलाकडे लक्ष ठेवा, मोहरी तडतडली की सांगा." आई म्हणाली, "बाहेर कुणाला सांगू नकोस हे, लोकं दवाखान्यात न्यायला सांगतील."

मग सुरू झालं तुमचं नाटक. पुढच्या सीटवर तुम्ही विद्यार्थी होऊन बसायचात. आज कोण होऊन आलात ते आधी सांगायचं नाही, हा नियम. कधी तुम्ही अंधेरीचे पाहुणे व्हायचात, सगळं मोबाइलवर बघून आलेले, माझं वाक्य संपायच्या आत "येस येस" म्हणणारे. कधी घाबरलेला कारकून, जो दांडकं घट्ट धरून डोळे मिटायचा. एकदा तर कोणीतरी विहीणबाई झालात, ज्यांना खालचं आपलं घर दिसेपर्यंत दुसरं काही सुचत नव्हतं. आणि त्या नाटकात तुम्ही चुका पेरायचात. वेग हळूच कमी करायचात, वळताना नाक भलतीकडे न्यायचात. मी मागून त्या पकडायच्या, आधी तोंडाने सुधारायच्या, आणि ऐकलं नाही तर "कंट्रोल माझ्याकडे" म्हणून हातात घ्यायचं. हे चार शब्दही नाहीत, पण ते उच्चारायला मला किती दिवस लागले. वयाने मोठ्या माणसाच्या हातातून काही काढून घ्यायची आपल्याला सवय नसते.

संध्याकाळी पंखाच्या सावलीत चहा. तो तास मला सगळ्यात आवडायचा, तो आता कुणी देणार नाही. "चल, आजच्या चुका सांग," तुम्ही म्हणायचात. मी एकेक सांगायचे. तुमची पेरलेली असली की "बरोबर." आणि नसली की बशीत चहा ओतत म्हणायचात, "ती माझी न्हाय, ती वाऱ्याची." तुमचा हिशेब चोख होता. वाऱ्याचं श्रेय तुम्ही कधी घेतलं नाहीत. हे नीट लक्षात ठेवा सर, कारण पुढे मी याच मुद्द्यावर तुम्हाला धरणार आहे.

थंडी सुरू झाली होती. दुपारनंतर समुद्रावरचा खारा वारा सड्यावर आला होता. तो आला की खाडीकडच्या कड्यावरून आत यायचं, आणि तिथे जपायचं, कारण कड्यापाशी वारा खाली पडतो आणि ग्लायडरला सोबत घेऊन पडतो. हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलंत. तुम्ही पुढे होतात, कारकून असाल असं मला वाटलं, कारण बोलत नव्हतात. उतरायला वळलात. डाव्या हाताने ब्रेकचा दांडा ओढून पंखांवरचे, उंची उतरवणारे ब्रेक उघडलेत, ते ठीकच होतं. मग कडा जवळ आला आणि आपण खाली जायला लागलो. मी म्हटलं, "ब्रेक बंद करा." काही नाही. मी पुन्हा म्हटलं, आवाज चढवून. मला मागून तुमचा डावा हात दिसत होता. दांड्यावर होता, पण ढकलत नव्हता. कड्यावरची करवंदीची जाळी मला बाजूने दिसायला लागली, वरून नव्हे.

"कंट्रोल माझ्याकडे."

मी माझ्याकडच्या दांड्याने ब्रेक मिटवले, नाक थोडं खाली घातलं, जीव मुठीत धरून वेग येऊ दिला. कडा पायाखालून गेला. पुढे मैदान होतं, उतरले. ग्लायडर एका पंखावर कलून थांबलं आणि तुम्ही बराच वेळ काच उघडली नाहीत. मग म्हणालात, "सांग, कुठली चूक?"

मी इतकी चिडले होते की मला चहाचीही वाट बघवली नाही. "ब्रेक उघडे ठेवलेत, वेग गेला, दोनदा सांगून ऐकलं नाहीत. आणि एवढं नाटक कशाला, सर? आणखी थोडं ताणलं असतं तर दोघंही करवंदीत असतो. ही काय शिकवायची रीत झाली? माझी आई घरी बसलीये माझी वाट बघत." माझ्या तोंडाला लगाम राहिला नव्हता. ग्लायडर धरायला आलेली माणसं ऐकत होती.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "बरोबर."

आणि मी विश्वास ठेवला. मासळीचा कल्ला उचलून बघणारी मी. घरी जाताना फेरीत उभी राहून मनात मांडे खात होते, की आज सरांचं सगळ्यात अवघड नाटक मी पकडलं.

त्यानंतर तुम्ही उडाला नाहीत. गुडघा दुखतोय, म्हणालात. डॉक्टरी तपासणीचं पत्र आलं होतं, पुढच्या महिन्यात बघू, म्हणालात. सड्यावर खुर्ची टाकून बसायचात आणि मला दुसऱ्यांबरोबर पाठवायचात. आणि एका सकाळी फोन आला की तुम्ही झोपेतच गेलात. झोपेत गेले, शांत गेले, असं लोक म्हणतात तेव्हाही मला शंका येते. कुणी बघितलं होतं?

दहाव्याला तुमची बायको, आमच्या काकू, चहा देत होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या बाईला सांगत होत्या, "दसऱ्यापासनं डाव्या हातातनं कप सुटायचा त्यांच्या. दोन फुटले. डॉक्टरकडं चला म्हटलं तर म्हनायचे, जाऊ." माझ्या हातातला कप तिथेच राहिला. ब्रेकचा दांडा डाव्या हाताला असतो, सर.

तुमचा फोटो हार घालून समोर ठेवला होता आणि मी त्याच्याकडे बघून मनात तुम्हाला नको नको ते बोलत होते. म्हणजे ते नाटक नव्हतं? तुमचा हात खरंच चालत नव्हता, आणि कड्यावर आपण दोघं खरोखर पडत होतो, आणि तुम्ही मला "बरोबर" म्हणालात? वाऱ्याची चूक कधी स्वतःच्या नावावर घेतली नाहीत, आणि ही घेतलीत? मला उलटंही वाटायचं. कदाचित नाटकच असेल, हाताचं आणि ब्रेकचं मीच जुळवतेय, चोराच्या मनात चांदणं तसं माझ्या मनात. मग पुन्हा वाटायचं, तुम्हाला माहीत होतं तर माझ्याबरोबर बसलात कसे? रात्रंदिवस हेच. पोरांना नकाशात आफ्रिका दाखवताना मधेच थांबायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे इन्स्ट्रक्टरची परीक्षा जवळ आली होती. बाहेरून परीक्षक येणार, पुढच्या सीटवर बसणार, आणि तुमच्यासारखंच नाटक करणार. ज्या बाईला खरं पडणं आणि खोटं पडणं यातला फरक कळला नाही, तिने मागे बसून काय करायचं? तिच्या भरवशावर कुणाचं पोर पुढे बसवायचं?

मी क्लबला फोन केला, ताप आहे, परीक्षा पुढे ढकला. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, सरांची शेवटची इच्छा होती." मेलेल्या माणसाच्या इच्छा ज्यांना तोंडपाठ असतात त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मुरुडला तुमच्या घरी गेले.

काकू ओटीवर वाल सोलत होत्या. मी बसले, मीही सोलायला घेतले. पाणी झालं, चहा झाला. मग मी सरळ विचारलं, "काकू, त्या दिवशी मी सरांवर ओरडले होते. तो दिवस आठवतो?"

"न आठवायला काय झालं? गाडी वर सड्यावर ठेवून रिक्षानं घरी आले होते. चावी माझ्या हातात दिली. म्हनाले, आता मी गाडी चालवनार न्हाय. म्हटलं, का? तर म्हने, आज बाईनं माझ्या हातातनं काढून घेतलं, बरं झालं. मना काय कलनार त्यातलं? काय काढून घेतलं म्हनून इचारलं तर जेवायला बसले."

वाल माझ्या बोटांतून घरंगळून खाली गेला. खरं होतं तर. आपण पडतच होतो.

"मग मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं. माझा आवाज चढला, तुमच्या ओटीवर, तुमच्या बायकोवर. "मला हक्क होता की नाही कळायचा? मी मागे बसले होते. उद्या मला कळलंच नसतं तर?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "सांगितलं असतं तर तू इसवास ठेवला असतास?"

मी पुढचा वाल उचलला.

"मी पन भांडले त्यांच्याशी," काकू म्हणाल्या. "तुझ्यापायी न्हाय, त्या हातापायी. ऐकनारा मानूस न्हवता. त्या पोरीला तरी कशाला नेता संगती, म्हटलं, दुसरा कुनी घ्या. तर म्हने, दुसरं कुनी माझ्या मागं बसलं की माझ्या पाठीला नमस्कार करत बसतं. ती बाई माझ्या हातावर डोला ठेवते." त्यांनी सालं सुपात एका बाजूला केली. "मंग मी काय बोलनार?"

मी संशयाने त्यांच्याकडे बघितलं, सर. मला बरं वाटावं म्हणून तर सांगत नसतील? त्या वाल सोलत राहिल्या, आणि मला बरं वाटलं की नाही हे बघायला त्यांनी मान वर केली नाही. ज्याला आपल्याला नुसतं बरं वाटवायचं असतं तो आपल्या तोंडाकडे बघतो. मग मी रडले. तुमच्या दहाव्याला राहिलेलं सगळं तिथे रडले, वालांच्या सालांवर. काकूंनी रडू दिलं आणि नंतर म्हणाल्या, "सुप भिजलं, पुरे."

माफ केलं असं समजू नका. तुम्ही सांगायला हवं होतंत. आजारी हात घेऊन माणसाने उडू नये, हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि ते मी पुढे प्रत्येकाला शिकवणार आहे, तुमचं नाव घेऊन. पण फोटोसाठी नव्हतं, एवढं मला कळलं. आमच्या घरातल्या ज्या खोडीची मला आयुष्यभर लाज वाटली, तिच्यासाठी तुम्ही मला मागे बसवलंत. हे तोंडाने सांगितलं असतंत तर तुमचं काय जात होतं?

परीक्षेला गेले. परीक्षक एक वाळका, कमी बोलणारा माणूस, त्याच्या हसण्यावर माझा पहिल्यापासून विश्वास बसला नाही. दोन उड्डाणं नीट झाली. तिसऱ्यात उतरायला वळताना तो गप्प झाला, आणि नाक वर, वेग कमी. मी सांगितलं. ऐकलं नाही. माझ्या मनात आलं, हे नाटक. आणि त्याच्या मागोमाग आलं, नसेल तर? आणि सर, हा प्रश्न पूर्ण होईपर्यंत माझ्या तोंडाने "कंट्रोल माझ्याकडे" म्हणून टाकलं होतं आणि नाक खाली गेलं होतं. तोंड हाताच्या अर्धं पाऊल पुढे होतं. उतरल्यावर त्याने विचारलं, "मी मुद्दाम करतोय हे केव्हा लक्षात आलं?"

"नाही आलं," मी म्हटलं. "ते खाली आल्यावर बघू म्हटलं."

तो पहिल्यांदा खरं हसला.

शेवटच्या उड्डाणात तो नवखा विद्यार्थी झाला, अगदीच कच्चा. उतरताना मान न वळवता म्हणाला, "मॅडम, तुम्हीच उतरवताय ना मागून?" मला आधी वाटलं, याला माझ्याविषयी कुणी सांगितलं. क्लबातलंच कुणीतरी असणार, शोधून काढेन. पण तोवर माझे दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर गेले होते. "आता बोला, कोण चालवतंय?" मी म्हटलं.  कडा आला, खालून गेला, त्याने नीट उतरवलं.

पास झाले. अध्यक्षांनी फोटो काढला, मी मधे उभी राहिले, मला तिथे उभं राहायचं होतं म्हणून. मग चहा घेऊन पंखाच्या सावलीत येऊन बसले, आजच्या चुका सांगायला. तशा चार-दोन आहेत, त्यातली एक वाऱ्याची. त्या राहू द्या. एक गोष्ट मात्र तुम्हालाच सांगायची आहे, दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही.

कड्यावरून येताना हात त्याच्या खांद्यांवर होते तेव्हा मी सहज खाली बघितलं. माझा उजवा गुडघा दांडक्यापाशी जाऊन उभा होता. लागला नव्हता, मधे एक बोटभर जागा होती. मी त्याला तिथे नेलं नव्हतं, तुम्ही शिकवलं नव्हतंत, कुठल्या पुस्तकात नाही. पुढे कुणाचातरी जीव बसलेला असला की तो आपण होऊन जातो.

म्हणजे पहिल्या दिवसापासून माझा संशय खरा होता, सर. तुमचाही गुडघा होता.